आली का?

मुलुंड (पूर्व)
२१ ऑक्टोबर १९८४

गुणाजी भावोजी यांना जयंतीचा नमस्कार.

नोकरी संपवून तुम्ही गावी गेलात, त्याला आठ महिने झाले. एवढ्या दिवसांत मी एक ओळ लिहिली नाही, याचा राग मानू नका. लिहिण्यासारखे काही नव्हते. आज आहे.

तुमची आणि ह्यांची बहिरी आली.

बुधवारी, १७ तारखेला, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मिठागरातल्या विजेच्या मनोऱ्यावर, वरून दुसऱ्या दांडीवर, ती बसली होती. मला पक्ष्यांतले काही कळत नाही. पण १९८० च्या संक्रांतीला पतंगाच्या मांज्यात पंख कापून पडलेल्या हिला तुम्ही दोघांनी आमच्या न्हाणीघरात आठ दिवस ठेवले होते. मी आंघोळीला गेले की टक लावून बघायची, ती नजर मी विसरणार नाही. 'बहिरी ससाणा' हे नाव ह्यांनी सांगितले तेव्हा मला वाटले, तिला ऐकू येत नसावे. त्यावरून हे किती हसले होते.

ह्यांची दुर्बीण काढून पाहिले. पायात कडी आहे. तुम्ही कारखान्यात ॲल्युमिनियमच्या पट्टीची करून आणली होती तीच. आमच्या अनुपमाने टॉवेलात गुंडाळून धरले होते आणि ह्यांनी पायात बसवली होती.

ह्यांची वही कपाटातून काढली. तारीख, वेळ, वारा, इतर पक्षी, आणि शेवटचा रकाना बहिरीचा. त्यात 'आली' किंवा 'नाही' एवढेच. गेल्या वर्षीच्या पानांवर तुमचे अक्षर आहे, दर रविवारी 'नाही'. हे अंथरुणाला खिळल्यावर वही तुम्हीच लिहीत होतात. मी १७ तारखेपुढे 'आली' लिहिले. बरोबर केले ना? वारा कसा लिहायचा ते कळवा. आम्हाला यंदा दिवाळी नाही, तेव्हा सकाळी वेळ असतो.

प्रेमावहिनींना नमस्कार.

जयंती


आचरे
२९ ऑक्टोबर १९८४

जयंतीवहिनी,

तुमचे पत्र आले. प्रेमा म्हणाली, "बरा झाला, वैनी कायतरी करूक लागली." मलाही तसेच वाटले.

पण वहिनी, घाई करू नका. थंडीच्या दिवसांत उत्तरेकडून कितीतरी ससाणे खाली उतरतात. दोन-चार तरी ठाणे खाडीवर येतात. मनोरा तुमच्या गॅलरीपासून दोनशे यार्डांवर. एवढ्या लांबून कडी दिसणे कठीण. सकाळच्या उन्हात त्यांचे पिवळे पाय चमकतात आणि माणूस फसतो. विद्याधरसुद्धा फसायचा.

खरे सांगू का, तुम्ही ते बघूच नका. छंद त्याचा होता. तुमच्यावर त्याची सक्ती नाही. वही कपाटात ठेवा. गॅलरीत वारा लागतो, तुम्हाला दम्याचा त्रास आहे.

इकडे भात कापून झाले. माकडे शहाळी झाडावर टिकू देत नाहीत. मी छपरावर डबा वाजवत बसतो. पंचवीस वर्षे लेथवर उभा राहिलेला माणूस आता डबा वाजवतो, असे प्रेमा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

कडी कोणत्या पायात दिसली, डाव्या की उजव्या, तेवढे मात्र कळवा.

गुणाजी


मुलुंड (पूर्व)
८ नोव्हेंबर १९८४

गुणाजी भावोजी यांना नमस्कार.

गेल्या आठवड्यातल्या गडबडीत टपाल अडकले होते. तुमचे पत्र परवा मिळाले.

डाव्या.

आता लांबून बघावे लागत नाही. ३० तारखेपासून ती मनोरा सोडून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर बसते. मध्ये फक्त गल्ली आहे. पाय दिसतात, कडी दिसते. कडीवर अक्षरे आहेत हेही दिसते. वाचता येत नाहीत.

काही गोष्टी तुम्हाला विचारायच्या आहेत. बावीस दिवसांत मी तिला काही मारताना पाहिले नाही. कबुतरे टाकीवर येतात, तिच्या बाजूला बसून पाणी पितात. ती बघत नाही आणि कबुतरे घाबरत नाहीत. कावळे मात्र गप्प आहेत. आमच्या गल्लीतले कावळे तुम्हाला ठाऊक आहेत. घार दिसली की खाडीपर्यंत पिटाळतात. हिच्यामागे एकही जात नाही. ती आली की सगळे गॅरेजच्या पत्र्यावर ओळीने बसतात, चोची वर करून. आवाज नाही. दुपारी ती गेली की मग ओरडायला लागतात.

शेजारच्या विमलाबाईंना बोलावून दाखवली. "कुठे? टाकीवर तर काहीच नाही हो," म्हणाल्या. त्यांचा चष्मा बदलायचा आहे.

ती समोर बघत नाही. आमच्या गॅलरीच्या दारातून आत बघते. आत ह्यांची खाट आहे.

हे लिहून झाले, आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. अनुपमाला सातवा महिना लागला आहे. तिचे पत्र आले. "आई, पहिलं बाळंतपण माहेरी होतं ना? मी येऊ का?" एवढेच लिहिले आहे. खाली 'लवूचा नमस्कार'.

तिने ८२ मध्ये खारदांड्याच्या कोळीवाड्यातल्या लवूशी लग्न केले तेव्हापासून हे तिच्याशी बोलले नाहीत, तुम्हाला माहीत आहे. पण शेवटच्या महिन्यात हे डोळे मिटून पडलेले असत आणि मध्येच विचारीत, "आली का?" मी म्हणायची, "नाही अजून. येईल." दिवसातून तीन-तीनदा. मला वाटायचे, राग गेला. मी तिला निरोप धाडला. तो पोचून ती निघेपर्यंत ११ डिसेंबर उजाडला होता.

मग दहावा दिवस. तुम्ही तिथे होतात. पिंडाला कावळा शिवेना. ह्यांचे थोरले भाऊ श्यामसुंदर भावोजी एकेक बोलत गेले. जयंतीला अंतर देणार नाही. जागा तिच्या नावावर करू. शेवटी मी पुढे झाले आणि म्हणाले, "अनुपमाला घरात घेऊ हो, पाठ फिरवणार नाही." कावळे पत्र्यावर बसून राहिले. भावोजी म्हणाले, "बघ जयंती. नकोच आहे ती त्याला." शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

तेव्हापासून मी तिला दारात उभे केलेले नाही. दोनदा येऊन जिन्यातून परत गेली. मी आतून कडी काढली नाही. ह्यांची इच्छा मोडून मी काय करणार होते?

तिथीप्रमाणे २९ तारखेला वर्षश्राद्ध आहे. भावोजी म्हणतात, ते होईपर्यंत तिच्या पत्राला उत्तर देऊ नको. तुम्ही ह्यांचे सर्वांत जवळचे. तुम्हाला काय वाटते? ह्यांना काय हवे होते?

जयंती


आचरे
१४ नोव्हेंबर १९८४

जयंतीवहिनी,

तुमचे पत्र प्रेमाला वाचून दाखवले. ती जात्यावरून उठली नाही, वर बघितलेही नाही. म्हणाली, "त्या बाईक वरसभर लेकीपासून लांब ठेवलास तुम्ही. आता तरी खरा काय ता लिवा." म्हणून लिहितो.

गेल्या वर्षी ९ नोव्हेंबरला पहिली पाळी सुटल्यावर मी विक्रोळीच्या खाजणात गेलो होतो. विजेच्या तारांखाली चिखलात बहिरी पडलेली होती. तारेला लागून मेली असावी. एक पंख जळाला होता. डाव्या पायात आपली कडी. मी ती चिमट्याने काढून घेतली आणि तिला तिथेच तिवरांच्या मुळात पुरली. माझ्या हाताने.

विद्याधरला झटका येऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. डॉक्टर म्हणाले होते, धक्का बसेल असे काही सांगू नका. मी सांगितले नाही. रविवारी यायचो, त्याच्या खाटेशी बसायचो. तुम्ही चहा टाकायला आत गेलात की तो विचारायचा, "गुण्या, आली का रे?" मी म्हणायचो, "नाही. येईल." आणि गॅलरीत जाऊन वहीत 'नाही' लिहायचो. कडी माझ्या खिशात असायची.

वहिनी, तो अनुपमाबद्दल विचारत नव्हता. बहिरीबद्दल विचारत होता.

दहाव्याला तुम्ही सगळे एकेक बोलत होतात आणि मला माहीत होते की कोणते वाक्य बोलायचे राहिले आहे. पण काय बोलणार? 'बहिरी येईल' म्हणू? मी तिला पुरून आलो होतो. मेलेल्या माणसाला खोटे कसे सांगायचे? श्यामसुंदरदादा 'नकोच आहे ती त्याला' म्हणाले तेव्हाही मी गप्प राहिलो. तुम्ही ते मनाला एवढे लावून घ्याल असे वाटले नव्हते. ही सबब नव्हे.

आणखी एक. तुम्ही कावळ्यांचे लिहिलेत ते वाचून मी दिवसभर जेवलो नाही. दहाव्याच्या दिवशी कावळे तसेच बसले होते. ओळीने, चोची वर, गप्प. पिंडाकडे एकही बघत नव्हता. वर ससाणा बसला असेल तर कावळे असे बसतात, म्हणून मी वर पाहिले. झाड, पत्रा, चिमणी, सगळे पाहिले. काही नव्हते.

सोबत कडी पाठवतो. रजिस्टर केली आहे. ती बघा म्हणजे तुमची खात्री पटेल की टाकीवर बसते ती दुसरी कोणीतरी आहे. दुर्बिणीतून दिसते ते काहीही असू शकते. अशी कडी आम्ही एकच केली होती.

अनुपमाला बोलवा.

तुमचा अपराधी
गुणाजी


मुलुंड (पूर्व)
२२ नोव्हेंबर १९८४

गुणाजी भावोजी यांना.

कडी पोचली. फार हलकी आहे. पोस्टमनला वाटले, पाकीट रिकामेच आहे.

रागाने लिहिलेले एक पत्र फाडून टाकले. तुम्ही गॅलरीत जाऊन 'नाही' लिहीत होतात आणि मी आत तुमच्यासाठी चहात आले किसत होते. हे मी विसरेन असे म्हणत नाही.

पण चूक तुमची एकट्याची नाही. माझ्या मनात अनुपमा होती, म्हणून मला तेच ऐकू आले. इतकी वर्षे दर हिवाळ्यात ह्या घरात 'आली का?' हा प्रश्न कोणाबद्दल असतो ते मला माहीत होते. तरी एकदाही विचारले नाही, "कोण हो?" एक शब्द विचारायचा होता. बहिरी मीच.

आता दुसरे. तुम्हाला पटणार नाही, पण मी पाहिले तसे लिहिते.

मंगळवारी सकाळी ती टाकीवर नव्हती. मी कपडे वाळत घालायला दार उघडले तर गॅलरीतल्या काठीवर बसली होती. माझ्यापासून दोन हातांवर. माझ्या हातात ओले पातळ होते, ते तसेच धरून उभी राहिले. तिला वास नव्हता. न्हाणीघरात होती तेव्हा केवढा वास यायचा. उजव्या पंखाची कड काळी आहे, करपल्यासारखी. आधी मला वाटले सावली आहे.

तुमची कडी माझ्या कमरेशी, पातळाच्या केळ्यात खोचलेली होती. मी ती काढून हातात धरली. तिच्या डाव्या पायातही कडी होती. दोन्हींवर 'व्ही' आणि 'जी' ही अक्षरे. तुम्ही 'जी' ठोकताना पंच घसरला होता आणि त्या अक्षराला शेपूट आली होती, ह्यांनी त्यावरून तुम्हाला चिडवले होते. दोन्ही कड्यांवर ती शेपूट आहे.

मी घाबरले का, असे तुम्ही विचाराल. घाबरले. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून आत बघत होती. मग मान वळवून बाहेरच्या दाराकडे बघितले, आणि पुन्हा खाटेकडे. किती वेळ, ते वहीत लिहिले नाही.

रविवारी मी खारदांड्याला जाणार आहे. भावोजींना सांगितलेले नाही.

जयंती


आचरे
२६ नोव्हेंबर १९८४

वहिनी,

हे २९ च्या आत पोचेल असे वाटत नाही, तरी पाठवतो.

मी कडी एकच केली होती. पट्टी उरली नव्हती. पंखाचे मी तुम्हाला आधी लिहिले म्हणून तुम्हाला तसे दिसले असेल, असे मी स्वतःला सांगून बघितले. पण दोन कड्यांवर तीच शेपूट कशी येईल? मी तर ती विसरलोही होतो.

मला इथे बसून काही समजत नाही. पानाजवळ कडी ठेवा. आणि माझ्या वतीने त्याला सांगा की गुण्या खोटे बोलला. त्या दिवशी मीही इथे बंधाऱ्यावर एक पान ठेवून बसेन.

गुणाजी


मुलुंड (पूर्व)
२ डिसेंबर १९८४

गुणाजी भावोजी यांना नमस्कार.

तुमचे पत्र काल, शनिवारी मिळाले. पण कडीचे तुम्ही सांगितलेत ते मी आधीच केले होते.

रविवारी खारदांड्याला गेले. लवूची आई ओट्यावर बोंबील निवडत होती. मला बघून उठली नाही. "या. थांबा, जागा पुसते. तुम्हाला वास येईल," म्हणाली. मी म्हटले, "मासे आम्हीही खातो." मग तिने खरोखरच जागा पुसली आणि म्हणाली, "दोनदा जिन्यातून परत आली पोर. दोन्ही वेळा सांगत होती, आई घरात नव्हती." मी खाली मान घालून बसले. अनुपमा आतून आली ती दाराला धरून उभी राहिली. पोट चांगले दिसते आहे. मी म्हटले, "गुरुवारी बाबांचं श्राद्ध आहे. कपडे भरून ये. राहायला ये."

गुरुवारी भावोजी साडेदहाला आले. भटजी आत होते. अनुपमाला ह्यांच्या खाटेवर बसलेली बघून भावोजी मला स्वयंपाकघरात म्हणाले, "जयंती, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? त्याने कौल दिलाय. चारचौघांदेखत."

"कौल मी चुकीचा ऐकला, भावोजी."

"आणि आजही कावळा शिवला नाही म्हणजे?"

"तर पान दिवसभर राहील. पण ती आता कुठे जाणार नाही."

हे मी कसे म्हणाले ते मला माहीत नाही. आयुष्यात त्यांना मी उलट उत्तर दिलेले नाही.

बाराच्या सुमारास पान गॅलरीच्या कठड्यावर ठेवले. भात, वडे, खीर. भाताच्या मुदीला टेकून तुमची कडी. बहिरी काठीवर होती, पानाच्या बरोबर वर. कावळे समोरच्या पत्र्यावर ओळीने. भावोजी काठीखालून वाकून गेले, त्यांच्या डोक्यापासून वीतभरावर तिचे पाय. त्यांनी वर बघितले नाही. भटजींनीही नाही.

आम्ही हात जोडून उभे राहिलो. पाच मिनिटे, दहा मिनिटे. भावोजी पुटपुटत होते, सगळं तुझ्या मनासारखं करू. कावळे हलले नाहीत. भावोजींनी माझ्याकडे बघितले. गेल्या वर्षी बघितले होते तसेच.

तेवढ्यात अनुपमा खाटेवरून उठून, कंबरेला हात लावून, गॅलरीच्या दारात आली. आणि उंबऱ्यातच थांबली.

"आई," ती म्हणाली, "ही बाबांची बहिरी ना गं?"

तिला मी त्यातले काही सांगितले नव्हते. तुमच्या पत्रांबद्दलही नाही.

भावोजी म्हणाले, "काय? कुठे काय आहे?"

दोघीही तिथे होत्या, एक काठीवर आणि एक उंबऱ्यात. मी काय बोलायचे ते ठरवले नव्हते. ह्यांना बहिरी हवी होती की लेक, की माणसाला स्वतःलाच ते कळत नाही, हे मला आता कोण सांगणार? मी कोणाचेच नाव घेतले नाही. गेल्या वर्षी ज्या प्रश्नाला 'नाही' म्हणत होते त्याचे उत्तर तेवढे दिले.

"आली हो," मी म्हणाले. "आली."

बहिरीने मान वळवून माझ्याकडे बघितले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. पत्र्यावरचा एक कावळा उठला, गल्ली ओलांडून सरळ आला आणि तिच्या पायांखाली पानावर उतरला. त्याने भातात चोच घातली. त्याच्यामागून सगळे आले. एवढा आवाज झाला की विमलाबाई बाहेर आल्या. भावोजी खाटेवर बसून रडायला लागले. त्यांना मी पहिल्यांदाच रडताना पाहिले. अनुपमाने त्यांना पाणी आणून दिले आणि त्यांनी ते तिच्या हातून घेतले.

मी वळून बघितले तेव्हा काठी रिकामी होती. पानावर भाताची दोन शिते राहिली होती. कडी नव्हती. कावळा चकचकीत वस्तू उचलतो, तसे असेल. मी खाली जाऊन गॅरेजच्या पत्र्याखालीही शोधली. मिळाली नाही. तुमची वस्तू होती, म्हणून कळवते.

तुम्ही सांगितलेला निरोप मी काल दिला. उशिरा दिला, पण दिला. तुम्ही बंधाऱ्यावर पान ठेवलेत त्याचे काय झाले ते लिहा.

अनुपमा इथेच आहे. दुपारी गॅलरीत ह्यांच्या खुर्चीवर बसते. आज सकाळी तिने दुर्बीण लावून बराच वेळ मनोऱ्याकडे बघितले, मग टाकीकडे. मी वही तिच्यापुढे ठेवली. तिने मागची पाने चाळली, माझे अक्षर, तुमचे अक्षर, त्याआधी ह्यांचे. २९ नोव्हेंबरपुढे मी 'आली' लिहिले आहे. एकदाच लिहिले आहे. त्यावर तिने बोट ठेवले.

मग तिने आजची तारीख घातली, वेळ घातली, वारा ईशान्येचा असे लिहिले. इतर पक्ष्यांत शेकाट्या चौदा. शेवटच्या रकान्यात 'नाही'. तिचे आणि ह्यांचे अक्षर इतके सारखे आहे, हे मला माहीत नव्हते.

जयंती